हृदय उजवीकडे असलेली माणसं

कविता माझी वाट बघत उभी होती. समोर टेबल, आणि त्यावरचं रेक्झिन अर्धं उचकटलेलं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातलं हे शिवणकामाचं दुकान तिच्या वडिलांचं, लछूमास्तरांचं. मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. आता दुकान ती नव्यानं थाटतेय. कापड बेतायचं मास्तरांचं जुनं टेबल हलवायचं, म्हणून वरचं रेक्झिन काढायला घेतलं, तर त्याखाली आणखी एक रेक्झिन, त्याखाली मेणकापड आणि मेणकापडाखाली कागद. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "दीदी, तुमच्या आत्याचे नक्शे भेटलेत. मी हात नाय लावला. तुम्ही याच."

मी वाकले तर आधी वास आला. खडूचा, मशीनच्या तेलाचा, कोंदट कापडाचा आणि सगळ्याच्या तळाशी अगदी पुसट असा अमोनियाचा. अमोनिया तिथे खरंच होता की माझ्या नाकानंच तो आठवणीतून ओढून आणला, देव जाणे. मग दिसली ती चंदेरी पोशाखातली उंच बाई. गळ्याभोवती नळाच्या जोडाला असते तशी जाड चकती आणि चकतीवर गोलाकार बसवलेले सहा बोल्ट. कोपरांना आणि गुडघ्यांना पेटीच्या भात्यासारख्या घड्या. तिला चेहरा नव्हता, कारण कुंदाआत्या चेहरे काढायच्या भानगडीत पडत नसे. मी मोजले. बारा कागद होते, बाराच्या बारा.

पस्तीसेक वर्षं ते त्या टेबलात होते. माझ्या शाळेचे फ्रॉक, कॉलेजातले पंजाबी ड्रेस, लग्नातला ब्लाऊज, सगळं ह्याच टेबलावर बेतलं गेलं. मापं द्यायला आले की मी ह्याच टेबलावर कोपरं टेकून मास्तरांशी गप्पा मारायची. आत्यासुद्धा. ज्या कागदांसाठी ती मनातून झुरली, त्यांच्यावरच हात टेकून तिनं बाह्यांची लांबी सांगितली असणार. ह्याला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी थोडं थोडं दोन्ही केलं. कवितानं चहा सांगितला.

कुंदाआत्या बाबांची धाकटी बहीण. आम्ही तेव्हा अंबरनाथला, मोरिवलीच्या अलीकडे राहायचो. पलीकडे कारखान्यांची कुंपणं सुरू व्हायची. आमचा दिवस घड्याळावर नाही, भोंग्यांवर चालायचा. एका भोंग्याला दूध तापायचं, दुसऱ्याला बाबा सायकल काढायचे, तिसऱ्याला मी शाळेला उशीर झाला म्हणून रडायची. वाऱ्यावर कुठला वास आला त्यावरून आई दोरीवरचे कपडे काढायचे की राहू द्यायचे ते ठरवायची. गावामागच्या ओढ्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असे. काल जांभळं, आज गुळासारखं, परवा शाळेच्या शाईसारखं निळं. आम्हा पोरांना ओढे असेच असतात असं वाटायचं. पुढे एकदा सहलीत स्वच्छ पाण्याचा ओढा बघितला तेव्हा मला तो अपुरा वाटला होता.

ह्या सगळ्या वासांत आमच्या घरातला वास अमोनियाचा होता, आणि तो आत्याच्या साड्यांना यायचा. ती एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. तिला खरं तर चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. आजोबांनी तिला आयटीआयला घातलं, नोकरी लगेच लागते म्हणून. ती लागलीही. इंजिनियर लोक पेन्सिलीनं पंप, झडपा, टाक्या काढायचे. त्यावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि त्यातली रेघ न् रेघ शाईनं गिरवायची, हे आत्याचं काम. गिरवलेला कागद म्हणजे ओरिजिनल. त्यावरून अमोनियाच्या मशीनमधून जांभळट-निळ्या प्रिंटा निघायच्या आणि त्या शॉपमध्ये, यंत्रांवरच्या कामगारांकडे जायच्या. ओरिजिनल मात्र लोखंडी कपाटात. आत्याच्या ऑफिसात देव मानावा असा एकच नियम होता, ओरिजिनल बाहेर जात नाही. साहेबानं मागितलं तरी प्रिंट द्यायची.

प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. तिच्यात तीन खण. ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्ड. काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मोठ्या साहेबाची सही. गिरवणाऱ्याला खण नव्हता. आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी सहावीत असेन. मी विचारलं, मग तू कुठे सही करतेस? ती म्हणाली, मी कुठे काय काढते गं, मी तर नुसती वरून फिरते. हसत म्हणाली, पण मला ते आवडलं नाही. त्या दिवशी मी माझ्या चित्रकलेच्या वहीत प्रत्येक पानाला चौकट आखून पहिल्या खणात तिचं नाव घातलं. बाईंनी छडी दिली, कारण चित्रं माझी होती.

पोशाखांचं प्रकरण सुरू झालं एका ब्लाऊजपासून. आत्याच्या मनात जसा गळा होता तसा कुणी शिवून देत नव्हतं, म्हणून तिनं लछूमास्तरांना सरळ ड्रॉइंगच करून दिलं. समोरून, बाजूनं, मागून. सगळी मापं बाण काढून मिलिमीटरमध्ये. मास्तरांनी ते मिलिमीटर इंचांत करायला आपल्या भाच्याला बसवलं आणि ब्लाऊज शिवला. तो पहिल्या फेरीतच असा बसला की आईनंही आपल्यासाठी ड्रॉइंग मागितलं. मास्तर आत्याला सिंधीत बहिणीला म्हणतात तसं 'अदी' म्हणायचे. ते म्हणाले, "अदी, बाकी लोग फोटो देते हैं. ये नक्शा है. नक्शे से तो मकान भी बनता है."

थोड्याच दिवसांत मास्तरांकडे एक शेठ आले. कापडाचे व्यापारी, आणि डोक्यात पिक्चर काढायचं खूळ. दुसऱ्या ग्रहावरून माणसं येतात आणि इथल्या एका मुलीला आपली राणी म्हणून परत न्यायला बघतात, अशी काहीतरी गोष्ट होती. मुंबईच्या कुणा चित्रकारानं पोशाखांची चित्रं काढून दिली होती. मास्तर ती बघून वैतागले. वाऱ्यावर उडणारे केस होते, डोळ्यांत तेज होतं, पण शिवण कुठे येते त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी शेठना सांगितलं, अंबरनाथला एक बाई आहे, तिच्याकडून काढून घ्या, नाहीतर दुसरा शिंपी बघा.

बाबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पिक्चरवाल्यांत आपलं काय काम, हा त्यांचा प्रश्न. पण शेवटी तेच प्रत्येक वेळी आत्यासोबत स्कूटरवरून उल्हासनगरला जायचे, दुकानाबाहेरच्या स्टुलावर पेपर वाचत बसायचे आणि येताना सगळ्यांसाठी दालपकवान बांधून आणायचे. पुढे पुढे तर, आज जायचं नाही का कॅम्पात, असं तेच विचारू लागले.

ते दोन महिने आमचं घर आत्याचं झालं. जेवणाच्या टेबलावर जाड ट्रेसिंग कागद पसरलेला, चार कोपऱ्यांना चिकटपट्ट्या, आणि आम्ही सगळे जमिनीवर ताटं घेऊन. आम्हाला वाटलं होतं आता परीसारखं काहीतरी निघणार. निघाला तो पंप. आत्यानं आयुष्यभर जे गिरवलं होतं तेच तिच्या हातातून बाहेर आलं, फक्त आता त्याला हातपाय होते. गळ्याला झडपेची चकती. सांध्यांना भाते. काखेत आणि पाठीवर पंपाच्या झाकणाला असतात तशा हवेच्या फटी. आत्या म्हणाली, चांदीच्या कागदात माणूस कोंडायचा तर त्याला श्वास नको का? डोक्यावरच्या टोपाचा आकार तिनं अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतीवरून घेतला. तिथल्या एका दगडी बाईच्या डोक्यावर असा मुकुट होता की ती कुठल्याही ग्रहावरून आली असती तरी चाललं असतं. आणि राणीच्या पोशाखाचा रंग ओढ्याचा. त्यासाठी ती सलग आठवडाभर सकाळी पुलावर जाऊन उभी राहायची. शेवटी एका गुरुवारी जो रंग आला तो तिला पसंत पडला. घरी धावत येऊन तिनं बशीत रंग कालवला, आणि आईच्या सगळ्यात चांगल्या बशीला तो डाग कायमचा राहिला.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तिनं चौकट आखली. पहिल्या खणात, जिथे आजवर नेहमी दुसऱ्याच कुणाचं नाव असे, तिथे आपलं पूर्ण नाव घातलं, आजोबांच्या नावासकट. मी शेजारी बसून बघत होते. नाव लिहिताना तिनं श्वास रोखला होता. शाईवर हळूच फुंकर मारली आणि मला म्हणाली, हात लावू नकोस, वाळू दे.

मग नियम मोडला. ओरिजिनलची प्रिंट काढून मास्तरांना द्यायची, हे ठरलेलं होतं. ऑफिसातल्या मशीनमधून तिनं सगळ्या प्रिंटा काढल्याही. पण अमोनियाला रंग कळत नाहीत. राणीचा ओढा, सैनिकांचा राखाडी, लहान मुलांच्या पट्ट्यांचा शेंदरी, सगळं एकाच जांभळ्यात बुडालेलं. प्रिंटा बघून मास्तर म्हणाले, अदी, ह्यात चांदी कुठली आणि काळं कुठलं? आत्या दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिनं ओरिजिनल गुंडाळले, पत्र्याच्या नळीत घातले आणि दुकानात नेऊन दिले. काम झालं की परत हवेत, एवढं एकच मागितलं. मास्तरांनी डोक्याला हात लावून शपथ घेतली.

ट्रायलच्या दिवशी मीही होते. दुकानात चांदीचा वर्ख दिलेल्या जाड कापडाचा वास भरला होता, नव्या रबरी चपलेसारखा. आठ पोशाख हँगरला लावलेले. मास्तरांचा चेहरा उजळलेला. आत्या एकेका पोशाखाजवळ गेली, शिवणी दाबून बघितल्या, भाते वाकवून बघितले. मग तिचा हात एका काखेखाली थबकला. दुसरा पोशाख बघितला, तिसरा बघितला. मग उरलेले सगळे.

झालं होतं असं. त्या ग्रहावरच्या लोकांच्या छातीतल्या हृदयाला हवा पुरवणारी एक नळी काखेखालून निघत होती, डाव्या बाजूनं. समोरून ती हाताआड जायची, म्हणून ती फक्त बाजूच्या चित्रात दिसत होती. आता आत्याच्या ऑफिसची रीत अशी की वस्तू उजवीकडून जशी दिसते ते चित्र कागदावर डावीकडे काढायचं आणि डावीकडून दिसते ते उजवीकडे. देशभरचे फिटर ही भाषा वाचतात, त्यामुळे हे सांगायला हवं असं तिच्या डोक्यातही आलं नाही. मास्तरांनी कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच केलं. चित्र ज्या बाजूला, नळी त्या बाजूला. ब्लाऊज दोन्हीकडून सारखा असतो, म्हणून तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आठच्या आठ पोशाखांची नळी उजवीकडे शिवली गेली होती.

उसवायची सोय नव्हती. त्या कापडाला सुई एकदा लागली की भोक कायमचं. आणि शूटिंग पुढच्याच आठवड्यात, कारण बारवी धरणाचं पाणी आटून तळाची भेगाळलेली जमीन उघडी पडली होती आणि शेठना दुसरा ग्रह म्हणून तीच हवी होती. पाऊस आला की तो ग्रह पाण्याखाली जाणार. मास्तर चूक आपली म्हणत होते, आत्या आपली म्हणत होती. बाबा बाहेरच्या स्टुलावरून उठून आत आले. शेठ येतच होते.

आत्यानं माझ्याकडे पेन्सिल मागितली. कारखान्यात ड्रॉइंगमध्ये बदल झाला की चौकटीच्या वर एक ओळ लिहायची पद्धत असते, सुधारणा क्रमांक एक, दोन, तीन. पहिल्या कागदावर तिनं ती ओळ आखली आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'सुधारणा १ : ह्या लोकांचं हृदय उजवीकडे असतं.'

शेठ आले, त्यांनी ते बाबांकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, "वाह! ये तो कहानी में था ही नहीं. डालो इसको." लेखकाला त्यावर एक संवाद लिहायला सांगितला म्हणे. मास्तर इतके सुटल्यासारखे झाले की त्यांनी विचारलं, अदी, हा मधला खण कुणाचा? तपासणाऱ्याचा, असं कळल्यावर म्हणाले, माझ्याइतकं ह्यांना कुणी तपासलंय? आणि बाराही कागदांवर चेक्डच्या खणात सिंधीत सही ठोकली, त्यांच्या लिपीच्या रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे. उजवं-डावं प्रत्येकाचं आपापलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. अप्रूव्डचा खण शेठपुढे केला तर त्यांनी हात जोडले. "पिक्चर लगने दो. पहला शो होते ही साइन करूँगा." म्हणून तो खण रिकामा राहिला.

बारवीचे ते तीन दिवस मला कालच्यासारखे दिसतात. पांढरी पडलेली जमीन, तिला फरशीएवढ्या भेगा आणि त्यावरून चालत येणारी आठ चंदेरी माणसं. उन्हानं डोळे दिपायचे. वाळक्या चिखलाला भाजलेल्या मडक्याचा वास होता. आसपासच्या पाड्यांवरची माणसं बांधावर येऊन बसली होती. एक म्हातारी बराच वेळ टक लावून बघत होती. ती आत्याला म्हणाली, "ही मानसं कंची गो बाय? उनाचा पत्रा घालून आलीत. पानी तरी पाजा त्यांना." आणि आपणच कळशी घेऊन गेली. दुसऱ्या ग्रहावरची माणसं टोप काढून ओंजळीनं पाणी प्यायली. एकालाही भोवळ आली नाही. काखेतल्या फटींनी काम केलं होतं, आणि युनिटची माणसं येऊन येऊन आत्याला ते सांगत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगीचच सगळ्यांना सांगत सुटले, ही माझी आत्या.

शेवटच्या दिवशी युनिटचे कलादिग्दर्शक तिच्याजवळ आले. दादरचे एक मोठे शांत गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, मला पुढच्या कामासाठी असं डोकं चालणारं माणूस हवंय. तुमचे ओरिजिनल घेऊन मुंबईला या. मी ते दोघाचौघांना दाखवतो." त्या आठवड्यात आत्या स्वयंपाक करताना गुणगुणायची आणि आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची.

मग पाऊस आला, तो ग्रह बुडाला आणि पिक्चर थांबला. का थांबला ते मला नीट कधी कळलं नाही. मोठी माणसं त्याबद्दल हलक्या आवाजात बोलायची. आत्या ओरिजिनल मागायला गेली तर मास्तर म्हणाले, शेठचा माणूस सगळं सामान घेऊन गेला, त्यातच गेले असतील. शेठचा माणूस म्हणाला, मास्तरांकडेच असतील. तिनं दोन-चार चकरा मारल्या. मास्तरांनी दुकान उलटंपालटं केलं, कपाटं ओढली. टेबलाखाली वाकून बघितलं. टेबलाच्या आत कोण बघतो? बेतताना हाताशी राहावेत म्हणून त्यांनी स्वतःच ते कागद फळीवर पसरून वर मेणकापड घातलं असणार, आणि कामाच्या घाईत त्यावर नवीन रेक्झिन ठोकलं गेलं असणार. हे मी आज म्हणते. तेव्हा ते कागद जगातून नाहीसे झाले होते.

शेवटी आत्या जांभळ्या प्रिंटा घेऊन दादरला गेली. गृहस्थांनी त्या नीट बघितल्या. रेषा उत्तम आहे म्हणाले. पण ह्यात रंग नाही, ज्यांना दाखवायचं त्यांना ह्यातून काही दिसणार नाही, ओरिजिनल सापडले की जरूर या. ती संध्याकाळी घरी आली, प्रिंटांचं भेंडोळं कपाटावर टाकलं आणि आईला म्हणाली, वहिनी, भूक लागली, पोहे कर. मी तिच्या मागे मागे होते. परत काढ ना गं, तुला तर सगळं पाठ आहे, मी म्हटलं. ती म्हणाली, "परत काढलेलं म्हणजे ट्रेसिंग. ते मी रोज करतेच." मग थोड्या वेळानं, माझ्याशी नाही, स्वतःशी म्हणाली, "ओरिजिनल बाहेर जात नाही, हे मला ठाऊक होतं." पोहे मात्र तिनं दोनदा घेतले.

मास्तरांवर ती रागावली नाही. आमचे ब्लाऊज तिथेच शिवले जात राहिले. नव्वद साल उलटल्यावर कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघाले. त्यांतला एक ती हातगाडीवरून घरी घेऊन आली. ट्रेसरांची गरज संपली, तेव्हा तिला रेकॉर्ड रूमवर बसवलं. लोखंडी कपाटांच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. नवे इंजिनियर तिला घाबरायचे, कारण कुणीही आलं तरी तिचं एकच वाक्य, प्रिंट मिळेल, ओरिजिनल नाही. निवृत्त झाल्यावर तिनं बदलापूरला कात्रपमध्ये एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. दारावर पितळी पाटी लावली, पूर्ण नावाची. ती पाटी ती दर शनिवारी चिंचेनं घासते.

काल मी ते बारा कागद घेऊन तिथेच गेले. रिक्षात भेंडोळं मांडीवर आडवं घेतलं होतं, तान्ह्या मुलाला घेतात तसं. आत्यानं दार उघडलं, माझ्या हातात काय आहे ते बघितलं. आत जाऊन हात धुतले, नीट कोरडे केले. मग टेबलावर स्वच्छ चादर घातली.

पहिला कागद तिनं दोन्ही तळव्यांनी सपाट केला. कापडावर मापं उमटवायच्या मास्तरांच्या काटेरी चाकाच्या खुणा त्यावरून गेल्या होत्या, बारीक बारीक भोकांच्या ओळी, तीस-पस्तीस वर्षांच्या हजारो कपड्यांच्या. कडा पिवळ्या पडलेल्या. पण चांदी अजून चांदी होती आणि ओढ्याचा रंग जसाच्या तसा. असा ओढा आता अंबरनाथलाही दिसत नाही. आत्या कोपऱ्यातल्या नावावरून बोट फिरवत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर कागद लांब सरकवला, थेंब पडू नये म्हणून. "मेणकापड चांगलं घातलं होतं मास्तरांनी," ती म्हणाली. "ओल नाही लागली."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, आत्या, हे तेव्हा सापडले असते तर?

"तर मी मुंबईला गेले असते," तिनं पदरानं डोळे टिपले. "आणि तू दहावीला भूमितीत गचकली असतीस."

मला हसू आलं, तिलाही. पण ती मला टाळत नव्हती. बाराही कागद बघून झाल्यावर ती म्हणाली, वाईट वाटलं होतं गं, फार वाटलं होतं. काही वर्षं मी कॅम्पात जाताना त्या गल्लीत शिरायच्या आधी थांबायची. पण आज बघितल्यावर कळलं, मी उगाच नव्हते काही मानत स्वतःला. बरं काढलंय की नाही? मी म्हटलं, फार बरं काढलंयस. ती म्हणाली, भाता जरा लहान झालाय गुडघ्याचा.

कवितानं दुकानात लावायला त्यातलं एक चित्र मागितलं होतं, मास्तरांच्या फोटोशेजारी. मी भीत भीत सांगितलं. आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "प्रिंट दे तिला. रंगीत निघतात आता. हवी तितकी दे."

मग तिनं मला कपाटातली डबी काढायला लावली. आत तिचं जुनं ड्रॉइंगचं पेन होतं, शाई वाळून दगड झालेलं. तिनं ते कोमट पाण्यात बुडवून ठेवलं आणि आम्ही चहा घेतला. चहा संपला तरी पेन काही सुटेना. तिनं ते कानाजवळ नेऊन हलवलं, परत बुडवलं, परत हलवलं. आतली सुई हलल्याचा टिकटिक आवाज आला तेव्हा तिचा चेहरा असा खुलला की मला बारवीच्या बांधावरची तिशीतली कुंदाआत्या दिसली. दौतीच्या तळाला थोडी शाई शिल्लक होती, तीही पाण्यानं सैल केली. वर्तमानपत्रावर दोन रेघा ओढून बघितल्या. दुसरी उमटली.

पहिल्या कागदाचा कोपरा तिनं समोर घेतला. ड्रॉनमध्ये तिचं नाव. चेक्डमध्ये मास्तरांची उजवीकडून डावीकडे गेलेली सही. वर सुधारणेची ओळ, ह्या लोकांचं हृदय उजवीकडे असतं. आणि तिसरा खण कोरा.

"शेठ काही यायचे नाहीत आता," ती म्हणाली. "साहेबही नाही. मीच करते."

तिनं श्वास रोखला आणि अप्रूव्डच्या खणात सही केली. खाली त्याच दिवसाची तारीख घातली. हळूच फुंकर मारली. "हात लावू नकोस, वाळू दे," ती म्हणाली. पण अजून अकरा राहिले होते. मी पहिला कागद कडेनं धरून पलंगावर पसरून ठेवला आणि दुसरा तिच्यापुढे सरकवला.